शनिवारवाडा शेवटी बघा: आईबरोबर पुण्याच्या पेठांत एक दिवस

शाळेच्या सहलीत शनिवारवाडा पाहिला होता तेव्हा मनात एकच प्रश्न आला होता, वाडा कुठाय? दरवाजा आहे, तट आहे, आत हिरवळ आणि दगडी जोती. बऱ्याच जणांचं असंच होतं. म्हणून या वेळी सोलापूरहून आईला घेऊन आले तेव्हा क्रम उलटा ठेवला. आधी जे लाकूडकाम शिल्लक आहे ते बघायचं आणि मग जळून गेलेल्या वाड्यात जायचं. हा बदल इतका फळला की तुम्हीही असंच करा, हे सांगायला लिहितेय.

आम्ही मावशीकडे कोथरूडला उतरलो होतो. आनंदनगरहून मेट्रो घेतली, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलली आणि मंडईला उतरलो. बदलायचं स्थानक फार खोल आहे. सरकते जिने आहेत, पण गुडघेदुखी असेल तर सरळ लिफ्ट शोधा. गाडी घेऊन पेठांत शिरू नका, पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते. मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत 1886 ची आहे. आज तिला महात्मा फुल्यांचं नाव आहे, पण तिच्यावर होणाऱ्या खर्चाला नगरपालिकेत स्वतः फुल्यांनीच विरोध केला होता. हे सांगितल्यावर आई भाजीच्या गाळ्यांपाशी थांबून ती इमारत पुन्हा नीट बघत राहिली.

दहाच्या सुमाराला केळकर संग्रहालयात पोचलो. इथे किमान दोन तास ठेवाच. दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ हा संग्रह उभा केला आणि 1962 मध्ये राज्य सरकारला देऊन टाकला. तोफा-तलवारींपेक्षा घरातल्या वस्तू इथे जास्त. दिवे, कुलपं, फण्या, वज्री, करंड, पानाचे डबे. अडकित्त्यांच्या कपाटापुढे आई पंधरा मिनिटं हलली नाही. एकाची मूठ घोड्याची, एकाची मोराची. "तुझ्या पणजीकडे असाच होता गं, फक्त साधा, लोखंडी," असं म्हणून तिने सुपारी कातरताना अंगठा कसा सांभाळायचा तेही करून दाखवलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना इथे घेऊन याच, पाट्यांवर नाही ते त्यांच्याकडून कळतं. कोथरूडच्या वाड्याचे अवशेष आणून उभा केलेला मस्तानी महालही इथेच आहे. तिथल्या छताकडे आणि खांबांकडे नीट बघून घ्या, संध्याकाळी उपयोगी पडतं. फोटो काढायचे असतील तर आत शिरण्यापूर्वीच तिकीटखिडकीवर विचारा.

तिथून बाजीराव रस्त्याने चालत विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. पेशवाई बुडाल्यावर 1821 मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. 1879 च्या आगीत वाड्याचा भाग जळाला, पण तो पुन्हा उभा केला गेला. आत किती भाग खुला आहे ते दारातच विचारून घ्या. पण दर्शनी बाजू मात्र रस्त्यापलीकडे उभं राहून सावकाश पाहा. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले सागवानी खांब, त्यांच्या डोक्यावर केळफूल आणि पुढे आलेला कोरीव सज्जा. पेशवाई वाड्याचा खांब कसा असतो, ते इथे एकदा डोळ्यांत बसलं की बस.

दुपारी तुळशीबागेत श्रीकृष्णची मिसळ खाल्ली. राममंदिराच्या शिखराखालच्या मांडवात थोडं टेकलो. बाहेर इतकी गर्दी असूनही आत शांत असतं. खरेदी करायची असेल तर ती दुसऱ्या दिवशी ठेवा, नाहीतर शनिवारवाडा राहून जाईल.

चारला शनिवारवाडा. ऑनलाइन तिकिटाच्या नादात आमची वीस मिनिटं गेली, मोबाइलला रेंजच मिळेना. तेव्हा तिकीट घरूनच काढून ठेवा. साडेपाचच्या सुमाराला बाहेर काढतात, म्हणून चारच्या पुढे जाऊ नका. पायाभरणी 10 जानेवारी 1730 ची, वास्तुशांत 1732 मध्ये. सागवान जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीकडचा. 1828 च्या आगीत आतलं लाकूडकाम गेलं आणि दगड तेवढा राहिला.

दिल्ली दरवाजातून आत आलात की लगेच पुढे जाऊ नका. मागे वळून वर बघा. दरवाजावरचा नगारखाना अजून लाकडी आहे. आईने आपणहून बोट दाखवलं, "हे बघ, तेच केळफूल." मग जोत्यांवरचे खांबांचे दगडी तळखडे दिसले आणि ती एकेका तळखड्यावर मनातल्या मनात सकाळचे खांब उभे करत चालली. इथे दिवाणखाना असेल, इथे सज्जा. पंचवीस वर्षांपूर्वी मला जिथे नुसती हिरवळ दिसली होती, तिथेच आम्ही तासभर रेंगाळलो. हजारी कारंज्याचं सोळा पाकळ्यांचं कमळ चुकवू नका. नानासाहेबांनी कात्रजच्या तलावातून नळ घालून शहरात पाणी आणलं होतं, हे माहीत असलं की त्या कोरड्या हौदाकडे बघायची नजरच बदलते.

तटावर जायच्या पायऱ्या उंच आहेत. आई खाली थांबली, मी जाऊन आले. पावसाळ्यात तिथे जपून जा.

लालमहाल जवळच आहे, पण आजची वास्तू अलीकडे बांधलेली आहे, दहा मिनिटं पुरतात. तिथून कसबा गणपतीचं दर्शन घ्या आणि परतीची मेट्रो कसबा पेठ स्थानकातून धरा, पुन्हा मंडईपर्यंत चालत जायला नको. चालणं तसं फार नाही. केळकर संग्रहालय ते शनिवारवाडा जेमतेम दीड किलोमीटर. पण फुटपाथ उंच-सखल आहेत, तेव्हा चपलेऐवजी बूट घाला आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा.