विकायला काढलेलं रिकामं घर आणि पाच जणांकडे असलेली चावी

नागपुरात बेसा, मनीषनगर, मानेवाडा या भागात फिरलं की बंद घरांवर 'विकणे आहे'च्या पाट्या दिसतातच. मालक पुण्यात नाहीतर परदेशात, चावी ब्रोकरकडे. तो गिऱ्हाईक घेऊन येणाऱ्या दुसऱ्या ब्रोकरला देतो, दुसरा डुप्लिकेट काढून ठेवतो. मग कोणीतरी खोटा मालक उभा करून घर भाड्यानं देतो, डिपॉझिट घेऊन गायब होतो. आत राहायला आलेलं कुटुंबही फसलेलंच असतं, पण त्यांच्या हातात भाडेकरार असतो. तो दिसला की पोलीस 'दिवाणी मामला आहे, कोर्टात जा' म्हणून मोकळे होतात. कुलूप तोडून घुसणाऱ्यापेक्षा चावीनं आत आलेला जास्त जड जातो तो यामुळे.

म्हणून घर बाजारात आणायच्या आदल्या दिवशी मुख्य दाराच्या लॅचचा सिलेंडर, म्हणजे चावी फिरते तो भाग, बदला. अख्खं लॅच बदलायची गरज नसते. चाव्या दोनच: एक मालकाकडे, एक गावातल्या नातेवाइकाकडे. घर दाखवायला नातेवाइकानं स्वतः जायचं. गिऱ्हाईक गेल्यावर मागचं दार आणि प्रत्येक खिडकीची कडी हातानं ओढून बघायची. घर बघता बघता एखादी कडी सरकवून ठेवायची आणि रात्री यायचं, ही जुनी युक्ती आहे.

आपल्याकडे आणखी एक भोक असतं, कूलरचं. कूलर बसावा म्हणून खिडकीचं ग्रिल कापलेलं असतं. घर रिकामं करताना कूलर जातो आणि तिथं प्लायवूडचा तुकडा ठोकला जातो. पावसाळ्यात तो फुगतो, वाळवी लागते, मग एका लाथेचं काम. तिथं वेल्डिंग करून ग्रिलच बसवा.

वीज तोडू नका. टायमरवर 9 वॅटचा एक बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला जेमतेम दीड युनिट जातं. महावितरणच्या ॲपवर वापर बघत राहा. 20-25 युनिट दिसले की आत कोणीतरी पंखा लावून झोपतंय. मात्र रीडिंग न घेता सरासरीनं बिल आलं असेल तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. अशा वेळी मीटरचाच फोटो मागवा. बिल आणि महापालिकेचा मालमत्ता कर मालकाच्या नावावर, वेळेवर भरलेला हवा. ताब्याचा पुरावा म्हणून पुढं याच पावत्या लागतात.

कागदांचा धोका वेगळा. जाहिरातीत प्लॉट नंबर, खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर), बिलाचा फोटो टाकू नका. नोंदणी कायद्याच्या कलम 57 प्रमाणे स्थावर मिळकतीच्या नोंदलेल्या दस्ताची नक्कल फी भरून कोणालाही मिळते, त्यामुळे मूळ विक्रीपत्र लॉकरमध्ये असलं तरी निर्धास्त होता येत नाही. नक्कल आणि बनावट आधार कार्ड घेऊन तोतया मालक दुय्यम निबंधकासमोर उभा राहू शकतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर महिन्यातून एकदा मिळकतीचा शोध घ्या, आणि तो तीनदा घ्या: प्लॉट नंबरानं, खसऱ्यानं, सिटी सर्व्हे नंबरानं. दस्त कोणत्या नंबरानं चढवलाय ते आधी सांगता येत नाही. आखीव पत्रिकाही (प्रॉपर्टी कार्ड) अधूनमधून काढून बघावी. स्थानिक पेपरातल्या जाहीर सूचना कंटाळवाण्या खऱ्या, पण 'मूळ कागद हरवले' अशी सूचना तुमच्याच घराबद्दल छापून आली तर दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत लेखी हरकत गेलीच पाहिजे.

परदेशातल्या मालकानं आममुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) देताना मिळकत नेमकी लिहावी आणि पैसे घेण्याचा अधिकार देऊच नये. रक्कम थेट मालकाच्या खात्यात यावी.

बयाणा मिळाला की गिऱ्हाईक म्हणतं, 'रंगकाम सुरू करू का?' इथं भले भले विरघळतात. साठेखत (विक्रीचा करार) करून चावी दिली तर ताबा न सोडायला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53-अ चा आधार त्याला मिळू शकतो, शिवाय ताब्यासह करार म्हणून मुद्रांक शुल्क विक्रीपत्राइतकं लागतं. ताबा विक्रीपत्राच्या दिवशी आणि पूर्ण रकमेनंतर, हे साठेखतातच लिहून घ्या.

राखणदार ठेवलात तर पगार बँकेतून द्या आणि 'केवळ देखभालीसाठी' असं लेखी घ्या. राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी मिळकतीत त्याचा हक्क तयार होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये स्पष्ट केलंय. तो नोकरच आहे हे दाखवायला मात्र कागद लागतो.

एवढं करूनही कोणी आत बसलंच तर स्वतः कुलूप तोडायला जाऊ नका, गुन्हा उलटा तुमच्यावर दाखल होईल. 112 वर कळवा, भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली गृहअतिक्रमणाची लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सोबतच वकील गाठा. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 च्या दाव्यात मालकी सिद्ध करत बसावं लागत नाही, ताबा तुमचा होता आणि तो बेकायदेशीर काढून घेतला एवढंच दाखवायचं. पण हा दावा ताबा गेल्यापासून सहा महिन्यांत लावावा लागतो, आणि परगावच्या मालकाला कळेपर्यंत त्यातले चार महिने कधीच उलटलेले असतात.