देवळाच्या आवारातली शाळा

आपल्या शाळेला स्वतःचं फाटक नव्हतं. देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, फाटकातून आत यायचं, क्रुसाला वळसा घालायचा आणि चाफ्याखालून वर्गात शिरायचं. त्यामुळे अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी लिहायला घेतलं, तरी देऊळ आधी येतं. वसईच्या ख्रिस्ती गावात वाढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

सत्तरच्या दशकात गावात मनगटी घड्याळं मोजकीच होती. दिवस चालायचा तो देवळाच्या घंटेवर. पहाटे, भर दुपारी आणि दिवेलागणीला ती वाजायची. दुपारची घंटा झाली की पानमळ्यात वेली बांधणारी माणसं डोक्यावरचं फडकं काढून उभ्या उभ्या प्रार्थना म्हणायची आणि मगच जेवायला बसायची. वर्गात गुरुजी खडू खाली ठेवायचे, आम्ही उठून उभे राहायचो. आगरी आणि वाडवळ घरांतली हिंदू मुलंही आमच्याबरोबर उभी राहायची, त्यांना कुणी सांगावं लागत नसे. पुढे कार्तिकात निर्मळची यात्रा आली की आम्ही त्यांच्याबरोबर शंकराचार्यांच्या मंदिराकडे निघायचो आणि सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, खात परत यायचो.

मयताची घंटा वेगळी असे. एक ठोका पडायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरा. तो ऐकला की रहाटाचा बैल थांबवला जायचा, बायका कुंपणाशी यायच्या आणि ‘कोण गेलं?’ हा प्रश्न वाडीवाडीतून पुढे सरकायचा. अर्ध्या तासात उत्तर गावभर झालेलं असायचं. कुणी खड्ड्याच्या कामाला लागायचं, कुणी पेटीसाठी धावायचं, शेजारच्या घरात त्या कुटुंबासाठी भात शिजत असायचा. चौकशी फक्त एकच व्हायची, अजून काय कमी आहे? लग्नाचंही तसंच. लग्न ठरलं की तीन रविवार मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, दोघांची नावं पुकारली जायची. कुणाला काही हरकत असेल तर ती उघड सांगायला गावाला वेळ मिळायचा आणि मांडवाच्या कामाची वाटणीही तिथेच देवळाच्या पायरीवर व्हायची.

पैशाअडक्याचं बघा. शेतकऱ्याला सावकाराच्या दारात उभं राहावं लागू नये म्हणून १९१८ मध्ये पापडीला मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी पतसंस्था सुरू केली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक बँक. आमच्या घरची विहीर बांधायला बाबांनी तिथूनच कर्ज काढलं होतं. हमीदार म्हणून सही करणारे दोघे देवळात बाबांच्याच बाकावर बसणारे.

मला स्वतःला शाळेनं आणि देवळानं मिळून जे सगळ्यात मोठं दिलं, ते म्हणजे मराठी. माझ्या आजीला लॅटिन मिस्सा तोंडपाठ होती, अर्थ मात्र तिला कुणी सांगितला नव्हता. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि तिच्यामुळे उपासना लोकांच्या भाषेत आली. आमच्या पिढीला मिस्सा पहिल्यापासून मराठीतच मिळाली. घरात आम्ही कादोडी ही आमची बोली बोलायचो. प्रमाण मराठी कानावर पडायची ती शाळेत, आणि चारचौघांत मोठ्यानं बोलावी लागायची ती देवळात. सातवीपासून रविवारच्या मिस्सेतलं बायबलचं वाचन विद्यार्थ्यांकडे असे. शनिवारी दुपारी आमचे मराठीचे सर, जे स्वतः ख्रिस्ती नव्हते, रिकाम्या देवळात शेवटच्या बाकाजवळ जाऊन उभे राहायचे. आम्ही पुढे वाचायचो. ऐकू आलं नाही की ते बोलत नसत, नुसता कानाला हात लावत. पौलाचं ‘थेस्सलनीकाकरांस पत्र’ माझ्या वाट्याला आलं तेव्हा सरांनी तो शब्द फळ्यावर तोडून लिहिला, थेस्सल-नीका-करांस, आणि मी एका दमात म्हणेपर्यंत घरी सोडलं नाही. स्वल्पविरामाला किती थांबायचं, नजर कधी वर करायची, माणसांनी भरलेल्या देवळात आवाज कसा टाकायचा, हे सगळं मी त्या शनिवारच्या दुपारींमध्ये शिकलो. पुढे नोकरीत शेकडो लोकांसमोर उभा राहिलो, पण शिकवणी तीच पुरली.

हा आवाज गावाच्याही कामी आला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांची नजर आमच्या वाड्यांवर पडली होती आणि विहिरींचं गोडं पाणी टँकर भरभरून नेलं जात होतं. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या लढ्यात उभे राहिले आणि त्यांच्यामागे गावंच्या गावं उतरली. देवळाच्या पटांगणात सभा व्हायच्या. ज्या बायका पहाटे टोपल्या घेऊन दादरच्या बाजाराला जायच्या, त्या लाल लुगड्यांत पुढे बसलेल्या मी पाहिल्या आहेत. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या मुली तिथे निवेदनं वाचून दाखवायच्या. दिब्रिटो पुढे २०२० मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. आज वसईत जेवढं हिरवं उरलंय, त्यात त्या सभांचा वाटा आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

आता शाळेचं नवीन फाटक रस्त्याकडे उघडतं, गाड्यांची सोय म्हणून. मराठी माध्यमाच्या तुकड्या कमी होत चालल्या आहेत आणि मुलं इंग्रजी माध्यमात जात आहेत. पालकांना मी दोष देत नाही, माझी नातवंडंही तिकडेच शिकतात. पण परवा नातीला वाचनाला उभं केलं, तर ती प्रत्येक जोडाक्षराशी अडखळली आणि मला वाईट वाटलं.

म्हणून आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी फादरांना विचारलं आणि त्यांनी लगेच होकार दिला. येत्या जूनपासून शनिवारी दुपारी तीन वाजता देवळात मुलांकडून मराठी वाचन करून घ्यायचं ठरलं आहे. माध्यम कुठलंही असो, धर्म कुठलाही असो, सगळ्यांना यायला मोकळीक आहे. शेवटच्या बाकाजवळ उभं राहायला माणसं हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी पॅरिश ऑफिसमध्ये नाव द्यावं.