भिंतीवरचा बोका

शेजारचा बोका रोज संध्याकाळी आमच्या भिंतीवर येऊन बसतो. पाय पोटाखाली दुमडलेले, डोळे अर्धवट मिटलेले, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखा. खाली परसात माझ्या पाच कोंबड्या माती उकरत असतात. त्या नवीन आणल्या तेव्हा मी काठी घेऊन पहारा द्यायचे. तो माझ्याकडे बघून जांभई द्यायचा.

एकदा मात्र उतरला. पोट जमिनीला टेकलेलं, खांद्याची हाडं आळीपाळीने वर-खाली, शेपटीचं फक्त टोक वळवळतंय. तांबडीने मान तिरकी करून एका डोळ्याने त्याला न्याहाळलं आणि ‘कट्-कट्-कटाक्’ सुरू केलं. घार दिसली की कोंबडी वेगळाच, लांब बारीक सूर काढते आणि सगळ्या दडी मारतात. हा ‘कट्-कटाक्’ मात्र जमिनीवरच्या पाहुण्यासाठी. ती पळाली नाही. उलट पंख जरा सैल सोडून दोन पावलं पुढेच गेली. बोका थांबला, खाली बसला आणि पंजा चाटू लागला. जणू त्याचसाठी आला होता!

त्याचंही बरोबर आहे म्हणा. उंदीर असतो जेमतेम 20-25 ग्रॅमचा, कोंबडी दीड-दोन किलोची, वर चोच आणि नखं. एकट्याने शिकार करणाऱ्याला एवढ्यासाठी डोळा गमावणं परवडत नाही. पळणाऱ्याच्या मागे लागायचं हा मांजराचा स्वभाव. समोरचा पळतच नाही म्हटल्यावर गडी गोंधळतो. कधी एखादा बोका धीट निघतोही, आणि बुटक्या जातीच्या कोंबड्या असतील तर मी एवढी निर्धास्त राहिले नसते.

रात्रीची गोष्ट निराळी. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही, दांडीवर नुसतं गाठोडं होऊन बसते. पण सकाळी खुराड्यात पिसं सापडली तर आधी उदमांजर आठवावं. नावात मांजर असलं तरी ते मांजराच्या कुळातलं नाही, आणि बदनाम होतो भिंतीवरचा. मोकाट कुत्री तर खातही नाहीत कधीकधी, नुसती मारून टाकतात. मी खुराड्याची षटकोनी जाळी काढून अर्ध्या इंचाची जाड जाळी ठोकली. त्या पातळ जाळीने कोंबड्या आत राहतात. बाहेरच्याला ती अडवत नाही.

शिवाय बोक्याचं लक्ष कोंबड्यांपेक्षा सांडलेल्या दाण्यावर येणाऱ्या उंदीर-घुशींवरच जास्त. एका सकाळी खुराड्याच्या दाराशी अर्धा उंदीर ठेवलेला होता. भाडं म्हणून की काय, कोण जाणे.

आता तांबडी खुडूक झाली, 21 दिवस अंड्यांवरून फारशी हलली नाही आणि परवा नऊ पिल्लं निघाली. एकेक 40 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बोक्याच्या हिशेबात चिवचिवणारा उंदीरच. आई अंग फुलवून धावते खरी, पण नऊ पिल्लं नऊ दिशांना, आणि चोच एकच. सहा-आठ आठवडे तरी ती जाळीबाहेर काढायची नाहीत असं ठरवलंय.

संध्याकाळी बोका आला. आज डोळे टक्क उघडे होते, आणि जांभई दिली नाही. माळ्यावरून काठी खाली काढली.