शाळेच्या कुंपणापलीकडचा ब्रेकर : माझा अनुभव

कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून पोकलेनला जोडलेल्या ब्रेकरचा आवाज इथे कोणालाच नवा राहिलेला नाही. पुण्यात थोडे खणले की काळा कातळ लागतो, आणि तळघरातल्या पार्किंगसाठी तो फोडायचा म्हणजे काही महिने ठोकणे चालतेच. माझ्या मुलाच्या शाळेच्या कुंपणाला लागूनच असे काम सुरू झाले. शाळेच्या वेळेत त्या आवाजाला आवर घालण्यासाठी काय काय करावे लागले, हे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या वाटेने जावे लागणारे पालक पुढे वाढतच जाणार आहेत.

मुलगा तिसरीत आहे. त्याच्या तोंडी गणिताच्या वहीत एके दिवशी ‘७ − २०’ अशी मांडणी आणि पुढे कोरी जागा दिसली. बाईंनी ‘साठातून वीस’ सांगितले होते, त्याने ‘सातातून’ ऐकले होते. वर्गातल्या इतर मुलांच्या वह्यांतही अशीच गडबड असल्याचे बाईंनी सांगितले. तरीही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घेतली, तर ती पूर्णपणे व्यवस्थित आली. तिथल्या श्रवणतज्ज्ञांनी जे समजावून सांगितले, तेच पुढे माझ्या सगळ्या अर्जांचा आधार ठरले. गोंगाटात स्वरांपेक्षा व्यंजने आधी बुडतात. मोठ्या माणसाला भाषा पुरती अवगत असल्यामुळे तो बुडालेला भाग अंदाजाने भरून काढतो. लहान मुलाला ते जमत नाही, म्हणून बोलणाऱ्याचा आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वर असावा लागतो. म्हणजे कानाला काहीही इजा न होता मुलाचे शिकणे बिघडू शकते.

पोलीस ठाण्यात मात्र पहिला प्रश्न इजेचाच आला. डॉक्टरांचा दाखला आहे का, असे विचारले गेले, आणि दिवसा बांधकामाला मुभा आहे, असेही ऐकवले गेले. दुसरे म्हणणे अर्धे खरे आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात बांधकामाच्या आवाज करणाऱ्या यंत्रांना रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मनाई आहे. दिवसा तशी सरसकट मनाई नाही, पण मर्यादा आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५०. शाळेभोवतीचे शंभर मीटर म्हणजे आपोआप शांतता क्षेत्र, असे आपण धरून चालतो. परंतु २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने तसे घोषित केलेले असावे लागते. त्या वादात न अडकता मी निवासी भागाचीच मर्यादा धरली. ती १० डेसिबलने किंवा अधिक ओलांडली गेली असेल तर कोणाही व्यक्तीला तक्रार करता येते, आणि आपल्या राज्यात ती पोलिसांकडेच करायची असते. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, एवढे मात्र आवर्जून सांगते.

खरे काम मोजणीचे होते. मोबाइलवरच्या ॲपचे आकडे स्वतःला अंदाज येण्यापुरते ठीक असतात, पण समोरचा पक्ष ते एका वाक्यात उडवून लावतो. म्हणून आम्ही काही पालकांनी वर्गणी काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मोजणी करून घेतली. ब्रेकर चालू असताना कुंपणाशी ८३ डेसिबल भरले आणि तिसरीच्या वर्गात, खिडक्या उघड्या असताना, ७४. सामान्य बोलण्याचा आवाज एक मीटरवर साधारण ६० डेसिबल असतो; मागच्या बाकापर्यंत त्यातले काय पोहोचत असेल, ते वेगळे सांगायला नको. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. नियमातली मर्यादा ही सकाळी सहा ते रात्री दहा या सोळा तासांच्या सरासरीची आहे. दोन तास ८० डेसिबलचा मारा झाला आणि उरलेला वेळ ५५ राहिला, तर दिवसाची सरासरी ७१ च्या आसपास येते (ती आकड्यांच्या साध्या बेरजेने नव्हे, आवाजाच्या ऊर्जेवरून काढतात). ती मर्यादेबाहेर असली तरी त्या दोन तासांत वर्गाचे जे झाले ते त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून अहवालात दिवसाची सरासरी, प्रत्येक तासिकेची सरासरी आणि वर्गाच्या आतली पातळी असे तीनही आकडे मागून घ्यावेत.

‘पण याने मुलांचे नुकसान होते कशावरून?’ या प्रश्नासाठी मी अर्जाला एक पान जोडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा, असे सुचवले आहे. न्यूयॉर्कमध्ये उन्नत रेल्वेमार्गालगतच्या एका शाळेत आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी केलेला अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. रुळांच्या बाजूच्या वर्गांतली सहावीची मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ वर्षभर मागे होती. रुळांखाली रबर आणि वर्गांना आवाज शोषणारे छत बसवल्यानंतरच्या अभ्यासात ती तफावत उरली नव्हती. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद झाल्यावर तिथल्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले, तर नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे खालावले. आवाज कमी केला की नुकसान भरून येऊ शकते, हे दाखवणारी ही उदाहरणे मी मुद्दाम निवडली, कारण मला कोणाला शिक्षा नको होती, उपाय हवा होता.

त्यानंतर मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेच्या लेटरहेडवर स्वतंत्र पत्र दिले, आणि त्याने गाडी पुढे सरकली. पोलिसांच्या उपस्थितीत शाळेत बैठक झाली. विकसकाचे अभियंते सुरुवातीला हिरव्या कापडाकडे बोट दाखवत होते. ते कापड धूळ अडवते, आवाज नव्हे, कारण आवाज अडवायला वजन लागते आणि फट चालत नाही. ब्रेकर दुपारी चालवू, असा प्रस्ताव आला, तेव्हा दुपारच्या सत्रातल्या माध्यमिकच्या मुलांचे काय, असे बाईंनी विचारले, आणि ते विचारणे फार गरजेचे होते. अखेरीस शाळेला लागून असलेल्या पट्ट्यात ब्रेकर न वापरता भोके पाडून त्यात फुगणारी रासायनिक पूड भरून कातळ तडकवायचा, उरलेल्या भागात ब्रेकर शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत आणि सुट्टीच्या दिवशी चालवायचा, आणि कॉम्प्रेसर शाळेपासून दूरच्या कोपऱ्यात हलवायचा, असे लेखी ठरले. भोके पाडण्याचा आवाज राहिलाच, पण वर्गातली पातळी इतकी खाली आली की बाईंना घसा ताणावा लागत नाही. शाळेने पहिली ते तिसरीचे वर्गही मागच्या बाजूला नेले.

आता शाळेच्या दुसऱ्या बाजूच्या सोसायटीचाही पुनर्विकास ठरला आहे. तिथल्या समितीला आणि विकसकाला आम्ही खोदाई सुरू होण्याआधीच पत्र दिले आहे, सोबत मोजणीचा अहवाल आणि मागच्या बैठकीचे इतिवृत्त जोडले आहे, आणि निविदेतच कातळ फोडण्याची पद्धत व वेळा नमूद कराव्यात, अशी मागणी केली आहे. समितीने पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेतला आहे.