सोलापुरात रिसीव्हिंग लूप: स्टेशनकडे नाही, गोंगाटाकडे बघून फिरवायचा

सोलापूरच्या पूर्व भागात आमची वस्ती अशी की खाली माग आणि वर घर. भिंतीला भिंत लागलेली. प्रत्येक घरात एलईडी दिवे, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, वायफायचा डबा, तीन-चार चार्जर. अशा ठिकाणी मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, माझा इन्व्हर्टेड व्ही डायपोल होता, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरती तार, स्लॅबवरच्या लोखंडी पाइपला बांधलेली, एकूण वीस मीटर. माझा आवाज बेंगळुरूला, हैदराबादला व्यवस्थित जायचा. समोरचे "पाच-नऊ", म्हणजे स्पष्ट आणि जोरदार, असा रिपोर्ट द्यायचे आणि मला त्यांचं नावसुद्धा धड कळायचं नाही, कारण नुसत्या खरखरीनेच एस मीटरचा, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा, काटा आठ-नऊवर टेकलेला असायचा.

माझ्या लेखी ऐकणं हे या छंदातलं मोठं काम आहे. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम अंदमानातच होते. पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीशी त्यांनी रेडिओवर संपर्क ठेवला, लोकांचे निरोप पोचवले. तसा एखादा क्षीण आवाज माझ्या घरी चार्जरच्या खरखरीखाली बुडून जावा, हे मला पटत नव्हतं.

पुण्याच्या एका ज्येष्ठ हॅमना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "पाठवायला डायपोल राहू द्या. ऐकायला वेगळा अँटेना करा, छोटा लूप, नळीचा एक गोल वेढा. पण एक लक्षात ठेवा, त्यावर स्टेशन मोठं होणार नाही. लहानच होईल."

"मग उपयोग काय, सर?"

"गोंगाट त्याहून जास्त लहान होईल."

पुढचे कित्येक आठवडे मी जे काही केलं ते या एका वाक्याचा पडताळा घेण्यासाठीच केलं.

आधी कागदावर हिशोब मांडला. १ मीटर व्यासाच्या एका वेढ्याचं क्षेत्रफळ होतं ०.७८५ चौरस मीटर. ७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर. क्षेत्रफळाला दोन पायने (२π) गुणून तरंगलांबीने भागलं की लूपची परिणामी उंची मिळते, म्हणजे तो लहरीतून किती व्होल्टेज उचलतो याचं माप. ती आली जेमतेम १२ सेंटीमीटर. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची हीच लांबी १३ मीटरच्या पुढे जाते. म्हणजे व्होल्टेजमध्ये शंभरपट फरक. ट्यून केल्यावर, म्हणजे हव्या फ्रिक्वेन्सीला जुळवल्यावर, त्यातला बराचसा भरून निघतो, पण लूपवर काटा खाली येणार हे ठरलेलंच. हा आकडा आधी पाहून ठेवला म्हणून पहिल्या दिवशी मन खट्टू झालं नाही.

सामानात तांब्याची नळी सोपी. एसीवाल्याकडची तीन अष्टमांश इंचाची मऊ नळी, सव्वातीन मीटर. फक्त ती एप्रिलच्या आधी मागावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात एसी मेकॅनिक फोन उचलत नाहीत. खरा शोध घ्यावा लागला तो गँग कंडेन्सरचा, स्टेशन लावायला फिरवतात त्या, जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतल्या, हवेच्या, दोन भागांच्या. एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे तो मिळाला. त्यांनी माळ्यावरून खोकं काढलं, धूळ फुंकली आणि विचारलं, "कशाला पाहिजे ओ? आता कोण रेडिओ करतंय?" मी सांगितलं तर उत्सुकतेनं सगळं ऐकून घेतलं आणि पाती एकमेकांना घासत नाहीत ना, हे स्वतः मीटर लावून बघून दिलं.

या नळीच्या वेढ्याचं इंडक्टन्स येतं सुमारे ३ मायक्रोहेन्री. ७.१ मेगाहर्ट्झला ट्यून व्हायला त्याला कंडेन्सरचे १७० पिकोफॅरड लागतात, म्हणजे गँगचा एक भाग पुरतो. ८० मीटरवर, ३.६ मेगाहर्ट्झला, साडेसहाशे लागतात. तिथे दोन्ही भाग समांतर जोडावे लागतात. त्यासाठी एक साधा टॉगल स्विच बसवला. गँग वर, लूपच्या तोंडाशी. खाली आतल्या बाजूला २० सेंटीमीटर व्यासाचा आरजी-५८ केबलचा छोटा वेढा, तोच रेडिओकडे जातो. मोठ्याच्या एक पंचमांश हे प्रमाण बहुतेकांना लागू पडतं, मलाही पडलं. या छोट्या वेढ्यात वरच्या बाजूला केबलची बाहेरची जाळी एक सेंटीमीटर कापून ठेवायची. न कापता ती पूर्ण गोल राहिली तर तिचाच शॉर्ट झालेला वेढा तयार होतो आणि आत काही पोचत नाही.

सांगाडा पीव्हीसी पाइपचा. उभा पाइप दुसऱ्या जाड पाइपात सोडला की हाताने फिरतो. खाली प्लायवर अंशांच्या खुणा केल्या. या खुणा मी हौस म्हणून केल्या नाहीत, त्यांच्याशिवाय पुढचं काम झालंच नसतं.

लूप फिरवण्याआधी मी ट्रान्झिस्टर फिरवायला शिकलो, आणि नव्याने सुरू करणाऱ्यांनाही तेच सांगेन. ट्रान्झिस्टरमधला फेराइट रॉड हाही छोटा लूपच असतो. मिडियम वेव्हवर हैदराबाद ७३८ किलोहर्ट्झ आणि धारवाड ७६५. सोलापुरातून हैदराबाद जवळजवळ थेट पूर्वेला, धारवाड दक्षिणेला किंचित पश्चिमेकडे. दोन्ही इथून अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. दुपारी स्लॅबवर उभं राहून रॉडचं टोक पूर्वेकडे केलं की हैदराबाद विरून जातं आणि धारवाड तसंच राहतं. टोक धारवाडकडे केलं की उलट. एक गोष्ट हाताला लगेच कळते: स्टेशन जिथे सगळ्यात मोठं येतं ती दिशा पसरट असते. लूप ४५ अंशांनी चुकवला तरी तीन डेसिबलच जातात. पण जिथे ते बुडतं ती जागा चार-दोन अंशांची असते. लूपची खरी धार त्या बुडण्यात आहे, ज्याला आपण नल म्हणतो. म्हणून लूप स्टेशनकडे बघून फिरवायचाच नाही. गोंगाट कुठे बुडतो ते शोधायचं आणि तिथे थांबायचं. हेच रात्री करून पाहिलं तर नल फिका पडतो, कारण तेव्हा लहरी आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, वेगवेगळ्या कोनांनी येतात.

एवढी तयारी करून लूप रेडिओला जोडला. गँग फिरवल्यावर एका जागी खरखर एकदम फुगते, तिथे तो ट्यून झाला. काटा आठवरून पाचवर आला. पण फिरवून पाहिलं तर गोंगाट कुठल्याच दिशेला बुडेना. सगळीकडे पाच. मग लूप केबलपासून सोडवला, केबलच्या टोकाला नुसता ५० ओहमचा रेझिस्टर लावला. काटा तरीही चारवर. म्हणजे लूप नव्हे, माझी केबलच अँटेना झाली होती. घरातला गोंगाट केबलच्या बाहेरच्या जाळीवरून वर चढत होता आणि तिथून आत शिरत होता.

हा टप्पा बहुतेक वर्णनांत एका ओळीत उरकलेला दिसतो, आणि माझ्या मते सगळं यश इथेच आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ४३ नंबरच्या मिश्रणाच्या फेराइट रिंगा मागवल्या. त्यांच्यावर केबलचे दहा-बारा वेढे घेतले की जाळीवरून चढणारा गोंगाट अडवणारा चोक होतो. असा एक चोक लूपच्या पायथ्याशी आणि दुसरा रेडिओच्या मागे लावला. पुन्हा तीच रेझिस्टरची चाचणी केली. काटा शून्याच्या जवळ. आता लूप जोडून फिरवला, तर पूर्वेकडे अक्ष, म्हणजे वेढ्याच्या मधून आरपार जाणारी रेषा, करताच खरखर घसरत घसरत जवळजवळ नाहीशी झाली आणि तिच्याखालून दोन माणसांचं बोलणं वर आलं. ते बोलणं आधीही तिथेच होतं.

लूप फक्त चुंबकीय क्षेत्र पकडतो म्हणून शांत असतो, असं बऱ्याचदा सांगतात. दूरवरून येणाऱ्या लहरीत विद्युत आणि चुंबकीय दोन्ही भाग ठराविक प्रमाणात असतात, तिथे हा फरक पडत नाही. अगदी जवळच्या उगमाला, ४० मीटर बँडवर साधारण पावणेसात मीटरच्या आत, तो पडू शकतो. माझ्या स्लॅबवर तरी फायदा आला तो नलमधून, चोकमधून आणि लूप घराच्या वायरिंगपासून लांबच्या कोपऱ्यात नेता आला त्यातून. डायपोल वीस मीटरचा, तो हलवणार कुठे?

एक प्रश्न मला सतावत होता. गोंगाट पूर्वेला, हैदराबादही पूर्वेला. एकाला बुडवलं की दुसरंही बुडणार नाही का? प्रत्यक्षात हैदराबादचे हॅम स्वच्छ येत होते. कारण कागदावर काढल्यावर दिसलं. शेजारचा गोंगाट आडवा, जमिनीलगत येतो. हैदराबादची ४० मीटरवरची लहर तीनेकशे किलोमीटर उंचीवरच्या थरावरून परतते, म्हणून ती माझ्या स्लॅबवर साठ अंशांहून अधिक कोनातून, जवळजवळ डोक्यावरून उतरते. उभ्या लूपचा नल आडव्या दिशेला असतो, डोक्यावर नसतो. आपल्याकडच्या सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅमच्या ठरल्या वेळच्या रेडिओ-बैठकीवर, जी तीनशे-चारशे किलोमीटरची स्टेशनं असतात त्यांच्यासाठी लूप इतका कामाचा का, ते यात आहे. दाट वस्तीत राहणाऱ्या प्रत्येक हॅमला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

पूर्वेकडचा गोंगाट कोणाचा, हेही शोधलं. लोक मागांकडे बोट दाखवतात. पण मागाच्या इंडक्शन मोटरला कार्बन ब्रश नसतात, ठिणगी नसते. एचएफवर, म्हणजे या शॉर्टवेव्ह बँडांवर, मला तिचा त्रास जाणवला नाही. ट्रान्झिस्टर घेऊन जिन्यावरून फिरलो तेव्हा शेजारच्या अक्कांच्या दाराशी तो भणभणायला लागला. "अक्का, टीव्हीच्या डब्याची पिन जरा काढता का?" त्यांनी काढली आणि ट्रान्झिस्टर गप्प झाला. मी त्यांना दुसरा, जड ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर करून दिला, तेवढ्याच व्होल्टेजचा. त्यांनी शेंगाची चटणी बांधून दिली आणि आणखी कुठल्या घरी असा आवाज आहे ते शोधायला सोबत आल्या. त्यांच्यामुळे सगळी दारं उघडली. माझ्या घरातलाही एक एलईडी दिवा तेव्हाच बदलला.

आज ४० मीटरवर लूपचा गोंगाट तीनच्या खाली असतो. डायपोलवर नऊ येणारं स्टेशन लूपवर सहा-सात येतं, पण अक्षर न अक्षर कळतं. रिगचा, म्हणजे माझ्या रेडिओ सेटचा, प्रीअँप (सिग्नल वाढवणारा भाग) चालू केला की पुरतं. ८० मीटरवरही रात्री तेवढ्यावर भागतं. वळवाच्या दिवसांत मात्र विजांची कडकड सगळीकडून येते, त्याला लूपकडे उत्तर नाही. एकच ढग एका बाजूला असेल तर थोडा दिलासा मिळतो.

दोन गोष्टी करायलाच हव्यात. रिसीव्हिंग लूपमध्ये चुकूनही ट्रान्समिट होता कामा नये. माझ्याकडे पीटीटीवर, म्हणजे बोलताना दाबायच्या बटणावर, चालणारा रिले (आपोआप बदलणारा स्विच) आहे, बोलताना तो लूपची केबल रिगपासून तोडून जमिनीला जोडतो. आणि गँग पावसापासून झाकावा. मी झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात बसवला आहे, खाली एक छोटं छिद्र ठेवून, म्हणजे आत वाफ धरत नाही.

आता ओढ १६० मीटरची आहे. तिथे एकाच बाजूने ऐकणारा के-नाइन-एवाय लूप करायचा विचार आहे, गॅरी ब्रीड यांनी सप्टेंबर १९९७ च्या क्यूएसटी या हॅम मासिकात मांडलेला. सुमारे २६ मीटर तार, शेवटी पाचशे ओहमच्या आसपास रेझिस्टर, आणि मधोमध जमिनीत ठोकलेला रॉड. स्लॅबवर ते जमणार नाही. मोहोळकडे मेहुण्यांचं शेत आहे, काळी माती, ओल धरून ठेवणारी. ते म्हणाले, "दाजी, ऊस सोडून कुठंही ठोका." पण आधी ट्रान्झिस्टर घेऊन बांधावरून फिरायचं आहे. विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर आणि विजेच्या खांबांची रांग कुठून किती बोलते ते बघून मगच रॉडची जागा ठरवीन.