जास्तीची डबी

कालचं हळदीकुंकू डोक्यातून जात नाहीये. तसं काहीच घडलं नाही. म्हणूनच जात नसावं.

वहिनी ओळीनं हळदीकुंकू लावत येत होत्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा बोट करंड्यात होतं, ते तिथंच थबकलं. क्षणभरच. मग सुनेला म्हणाल्या, "अगं, काकूंना अत्तर लाव," आणि पुढच्या बाईकडे वळल्या. अत्तर लागलं, गुलाबपाणी झालं, तिळगूळ मूठभर. वाण म्हणून सगळ्यांना गाळणी. मला गाळणी आणि वर एक स्टीलची डबी.

रात्री खूप रडू आलं. हे असते तर, वगैरे. जाऊ दे.

राग काढायचा कुणावर, हेच कळत नाही. वहिनींवर? तेरावं होईपर्यंत डबा त्यांच्याच घरून येत होता. कालही फोन करून "तुम्ही यायचंच" म्हणाल्या होत्या. मग बोट कशानं अडलं? मला वाईट वाटेल म्हणून, की सोफ्यावरच्या बायका बघत होत्या म्हणून? त्या तरी कुठं बघत होत्या! सगळ्या एकदम एकमेकींच्या साड्यांचे काठ निरखायला लागल्या होत्या.

बरं, कपाळावर टिकली होतीच की माझ्या. रोज लावते. बँकेत जाते, भाजीला जाते, कुणी हूं की चूं केलेलं नाही. पाकिटातली टिकली चालते, दुसरीच्या बोटावरचं कुंकू तेवढं चालत नाही. हे कोण ठरवतं?

हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला होता, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. सरकारनंही मग परिपत्रक काढलं. आमच्या सोसायटीत असा ठराव यायचा नाही. "आपल्याकडे कुठं आहे असलं काही?" म्हणतील, आणि खोटंही नाही ते. माझ्या बांगड्या कुणीच फोडल्या नाहीत. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून धोंडो केशव कर्व्यांवर मुरुडकरांनी बहिष्कार घातला. निदान भांडायला समोर अख्खं गाव होतं. माझ्यासमोर कोण? डबी.

माई हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत वाती वळत बसायच्या. त्यांना आत बसा असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. दुपार कलली की आपणच उठून जायच्या.

चिऊला फोनवर सांगितलं तर भडकलीच. "तू म्हणायचंस ना, मलाही लावा!" कसं म्हणायचं? वहिनी, कपाळ इकडं आहे? हे मनात आलं आणि फोनवरच हसू फुटलं. ती आणखी चिडली.

रथसप्तमीला अवकाश आहे अजून. मीच बोलवावं का सगळ्यांना? नाही कुणी म्हणणार नाही. दोघीतिघींचे गुडघे त्याच दिवशी दुखतील, कुणाचे तेही माहीत आहे. आलेल्यांपुढे करंडा धरल्यावर एखादीनं मान जराशी मागं घेतली तर काय करायचं, ते मात्र सुचत नाही. वहिनी घेणार नाहीत. बहुतेक.

वाणाला काय लुटायचं ते चिऊ ठरवणार आहे म्हणे. म्हणजे ऑनलाइन काहीतरी येणार, आणि महागात पडणार.