तळ्यातल्या गणपतीला

रविवार, ११ जानेवारी

थंडी मी म्हणत होती, तरी भाची सहालाच तयार. पुण्यातल्या सारसबागेतल्या बाप्पाने स्वेटर घातलाय, हे काल रात्री तिला सांगून ठेवलं होतं ना.

माझी आजी कधीच 'सारसबाग' म्हणाली नाही. चपला पायात सरकवत "तळ्यातल्या गणपतीला जाऊन येते गं" एवढंच सांगायची आणि सदाशिव पेठेतून चालत निघायची. आम्ही पोरं मात्र फुलराणीसाठी तिच्या मागे लागायचो. पलीकडच्या पेशवे पार्कातली ती छोटी आगगाडी १९५६ सालची, म्हणजे माझ्या आईनेही तिच्यात बसून घेतलंय. तिथली वाघ-माकडं पुढे कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेली, गाडी राहिली.

देवळात गर्दी होती, पण ढकलाढकली नव्हती. मूर्ती तशी लहानच, त्यामुळे लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी एखाद्या तान्ह्या बाळाला घालावी तशी दिसते. भाची टाचा उंच करून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मावशी, टोपी कानावर नीट बसलीये." तिच्या आवाजातली ती काळजी ऐकून मला एकदम भरून आलं. देवाला थंडी वाजत असेल, असं ज्याला पहिल्यांदा वाटलं, त्याला माझा नमस्कार.

पायऱ्या उतरताना तिने विचारलंच, "पण तळं कुठंय?"

"अगं, आपण त्यातच उतरतोय."

मग तिथेच पायरीवर बसून सगळं सांगितलं. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळं करवलं आणि मधे बेट ठेवलं. त्या बेटावर १७८४ साली सवाई माधवरावांनी गणपती बसवला. नावेतून जाता-येता पेशवे मसलती करायचे आणि बोलणं फुटू नये म्हणून नावाडी मराठी न कळणारे हबशी ठेवायचे, असं सांगतात. पुढे तळं हटलं, बाग झाली. देऊळ उंचावर आणि हिरवळ खाली का, ते असं.

ती गप्प झाली. मग बूट-मोजे काढायची परवानगी न विचारता, फक्त बूट काढून, गवतात उतरली. एकेक पाऊल चाचपत, हात पसरून, पाण्यात चालावं तशी. दव इतकं होतं की पात्यापात्यावर थेंब उभा होता आणि ती जाईल तिथे मागे गडद हिरवी वाट उमटत होती. फेऱ्या मारणारे एक आजोबा थांबून बघत राहिले. मी तिला अडवलं नाही. आजी परत यायची तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ असाच ओलाकच्च असायचा, ते मला आज इतक्या वर्षांनी आठवलं.

घरी आल्यावर ताई ओरडली, "मोजे कुठे भिजवलेस गं एवढे?"

"तळ्यात," ती म्हणाली.